दोन क्लबांची एकच शेपटी

तुमच्या मागून कोण येतंय, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? हॉर्न वाजवून डोकं उठवणाऱ्याबद्दल मी विचारत नाहीये; तो न बघताही कळतो. जो गुमान मागून येतो, तुम्ही वळलात की वळायचं एवढंच ज्याला ठाऊक असतं, त्याच्याबद्दल विचारतेय.

हा प्रश्न मला माझ्या मामांनी शिकवला, आणि तोही चिखलात बसवून.

मामा बरकतपुऱ्यात राहतात. सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. हैदराबाद संस्थानाचा नकाशा ते लहानपणी घोकून शिकले आणि पाठ झाला तोच त्याचे तुकडे झाले. मग आंध्र प्रदेशाचा नकाशा जन्मभर फळ्यावर काढला, आणि निवृत्त होऊन जरा निवांत बसतात तर सरकारनं तोही बदलला. ‘माझ्या हयातीत एक नकाशा टिकेल तर शपथ,’ असं ते म्हणायचे. त्या पहिल्या वाटणीत आमचे निम्मे नातेवाईक नांदेड-परभणीसकट महाराष्ट्रात गेले आणि मामांचे वडील कचेरीतल्या नोकरीपायी इथंच राहिले. तेव्हापासून आम्ही तिकडच्यांना ‘निजामाकडचे’ आणि इकडच्यांना ‘मराठी लोगां’. लग्नकार्यात दोन्हीकडून आमंत्रण येतं, आणि दोन्हीकडे आम्हाला शेवटच्या पंगतीत बसवतात.

निवृत्त झालेली माणसं बाग लावतात, नाहीतर सकाळी हास्यक्लबात जाऊन हसतात. मामांनी मिलिटरीच्या डिस्पोजलमधून एक म्हातारी जीप आणली. चारही चाकांना जोर असलेली, वर फाटकी ताडपत्री, आणि सुरू करताना अख्ख्या गल्लीला जागं करणारी. मामी म्हणाली, ‘‘लोक दारात तुळस लावतात. ह्यांनी हत्ती बांधलाय.’’ पण मामी व्यवहारी बाई. हत्ती हलत नाही म्हटल्यावर तिनं त्याचा उपयोग शोधला. जीपच्या बॉनेटवर पापड फार झकास वाळतात.

आमचं घर, म्हणजे मामांच्या बहिणीचं, दुसऱ्याच धाटणीचं. तिथं वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. वडील हुंड्याविरुद्ध पत्रक काढायचे, झाडं तोडण्याविरुद्ध काढायचे, मराठी शाळेतले वर्ग बंद होऊ नयेत म्हणून काढायचे. उरलेली पत्रकं कपाटाच्या फळ्यांवर, डब्यांच्या तळाशी, पुस्तकांच्या कव्हरांना. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर. त्यामुळे मामा एका फोर-व्हील क्लबात जातात, तिथली शहाणीसुरती माणसं सुटीच्या दिवशी मुद्दाम रस्ता सोडून चिखलात गाड्या घालतात आणि मग मुद्दाम बाहेर काढतात, हे कळल्यावर मी जे करायचं तेच केलं. पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘चिखलात खेळायला पेट्रोल कशाला?’ गठ्ठाभर छापून आणलं आणि पहिली प्रत मामांच्या हातात दिली.

मामांनी चष्मा लावून, पेपर तपासतात तसं ते दोनदा वाचलं.

‘‘मुद्दा बरोबर आहे,’’ म्हणाले. ‘‘पण तू चिखल पाहिलेला नाहीस. दसऱ्याच्या सुटीत आमचा कॅम्प आहे. शत्रूच्या छावणीत जाऊन ये, मग दुसरी आवृत्ती काढ.’’

‘‘मी येणार नाही, मामा. माझ्या तत्त्वात बसत नाही.’’

‘‘तत्त्व मागच्या सीटवर ठेव. पुढची रिकामी आहे.’’

ती रिकामी का आहे, हे आतून मामीनं सांगितलं. ‘‘मी एकदाच बसले होते त्यात. आठ दिवस मान वळली नाही. तू जा बाई, आणि ह्यांना धड परत आण. सोमवारी गिऱ्हाईक येणार आहे.’’

गिऱ्हाईक जीपचं होतं, काचीगुड्याचं. त्यामागची कथा अशी.

राज्याचे दोन तुकडे झाल्यानंतरचा तो पहिलाच दसरा. आणि राज्याचे झाले म्हटल्यावर क्लबाचेही व्हायला हवेत, असं क्लबातल्या दोन पुढाऱ्यांना वाटायला लागलं होतं. एक वकील, तेलंगणाचे, बोलायला लागले की समोर न्यायाधीश आहे असं समजून बोलणारे. दुसरे दातांचे डॉक्टर, कुकटपल्लीत दवाखाना, मूळचे आंध्राच्या किनाऱ्याकडचे, इतके मऊ बोलणारे की दात उपटून झाल्यावरच कळावं. दोघांची वर्षानुवर्षांची दोस्ती. एकानं चिखलात रुतायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं, असा त्यांचा संसार. पण त्या वर्षी दोघं आबिड्सच्या हॉटेलात चहाला बसले तरी टेबलाच्या दोन टोकांना बसायचे आणि साखर मामांच्या हातून मागायचे.

वाटणीच्या वाटाघाटी मामांनी मला सांगितल्या तेव्हा मला वाटलं ते थट्टा करतायत. गाडी ओढायचा मोठा दोर कोणाचा, तंबू कोणाचे, यावर तीन रविवार गेले. स्वयंपाकाचं मोठं पातेलं दोघांनाही हवं होतं. डॉक्टर म्हणाले, राजधानीसारखं पातेलंही दहा वर्षं सामायिक ठेवू. वकील म्हणाले, पातेलं हैदराबादमध्ये घेतलंय, ते हैदराबादचंच. शेवटी पातेलं वकिलांना मिळालं आणि गॅसची मोठी शेगडी डॉक्टरांना. दोघंही जिंकल्यासारखे घरी गेले. पातेल्याखाली शेगडी लागते आणि शेगडीवर पातेलं, हे त्या मंडळींतल्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही. सगळे उच्चशिक्षित होते.

राहिला प्रश्न मामांचा. वकील म्हणायचे, ‘‘मामा, तुम तो पक्के मुल्की हैं. इसी मिट्टी के. हमारे में आजाव.’’ डॉक्टर म्हणायचे, ‘‘मामगारू, तुमची भाषा बाहेरची, माझं तेलुगू पण इथले लोक बाहेरचंच म्हणतात. तुम्ही आमचे.’’ दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मामांनी दोघांना एकच उत्तर दिलं. क्लबाचे दोन झाले तर मी एकातही नाही, जीप विकून टाकतो.

मामी म्हणाली, ‘‘मग होऊ द्या की दोन.’’ आणि तिनंच काचीगुड्याचं गिऱ्हाईक पाहिलं.

मला तेव्हा वाटलं, एक जुनी जीप गेली तर हवाच जरा स्वच्छ होईल. मामांसाठी ती काय आहे ते निघाल्यावर कळलं. क्लबात ते सगळ्यात मागे गाडी चालवत. सगळे त्यांच्या गाडीला ‘शेपटी’ म्हणत. आणि क्लबाचा एकमेव नियमही त्यांचाच होता. प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या गाडीची काळजी करायची. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचं. फाटा आला तर मागचा येऊन आपल्याला पाहीपर्यंत वळायचं नाही. बस. शेवटची गाडी थांबली की तिच्या पुढची थांबते, मग तिच्या पुढची, आणि कोणी न ओरडता पहिल्यापर्यंत निरोप जातो.

‘‘पुढे कोण आहे याची फिकीर करायला सगळं जग बसलंय,’’ मामा म्हणाले. ‘‘मागे कोण आहे, एवढंच आम्ही बघतो.’’

पत्रकात घालण्यासारखं वाक्य होतं. मी तसं बोलले नाही.

शनिवारी सकाळी चेवेळ्याच्या रस्त्यावरच्या वडांखाली सगळे जमले. आदल्या दिवशीच दसरा झालेला, गाड्यांच्या बॉनेटवर हळदी-कुंकू, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. वकिलांनी जम्मीची पानं आणली होती. आपण आपट्याची देतो तशी इथं शमीची देतात, आणि वर ‘अलाय-बलाय’ म्हणून गळाभेट घेतात. वकिलांनी सगळ्यांना पानं दिली, डॉक्टरांना तर दोनदा मिठी मारली. डॉक्टरांचे डोळे पाणावले. मी म्हटलं, मिटलं वाटतं. लगेच दोघं पहिली गाडी कोणाची यावर भांडायला लागले.

‘‘अण्णा, मिठी अपनी जगह, नंबर अपनी जगह,’’ वकील म्हणाले.

‘‘मी काही बोलतच नाही,’’ डॉक्टर म्हणाले, आणि बोलतच राहिले.

तोडगा निघाला तो असा. तांडे दोन. वकिलांच्या गाड्या पुढे, डॉक्टरांच्या त्यांच्यानंतर, आणि वायरलेसचे चॅनेलही दोन. तलावापाशी फाटा आहे, तिथं वकिलांनी डावीकडे कट्ट्यावरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून जायचं, डॉक्टरांनी उजवीकडे सीताफळांच्या रानातून. तंबू तलावाच्या पलीकडे, दोन काठांना.

‘‘और मामा?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘मामा टेल में,’’ वकील म्हणाले.

‘‘हो, मामगारू टेल,’’ डॉक्टर म्हणाले.

इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या टेलमध्ये, हे विचारायचं राहूनच गेलं.

मामा तोवर तांदळाचं पोतं आमच्या जीपमध्ये चढवत होते. दोन्ही तांड्यांचा तांदूळ, सगळा आमच्याकडे.

‘‘वाटण्या झाल्यात ना? मग हे आपल्याकडे का?’’ मी विचारलं.

‘‘पहिल्यापासून शेपटीतच असतं,’’ मामा म्हणाले. ‘‘वाटणीच्या वेळी कोणाला आठवलं नाही. मीही आठवण दिली नाही.’’

विकाराबादच्या अलीकडे डांबर सोडलं. मी दोन्ही हातांनी समोरची सळई धरली होती, मांडीवर वायरलेस, पायाशी पत्रकांचा गठ्ठा. छावणीत वाटायचा माझा बेत होता. लाल मातीवर जीप कशी उधळते आणि काळ्या मातीवर कशी बसकण मारते, मामा मला समजावत होते, जणू वर्गात बसलेय. खरं सांगायचं तर मजा येत होती. त्यामुळे मला फार राग येत होता.

पुढच्या गाड्यांची धूळ दिसत होती तोवर ठीक होतं. मग ती दिसेनाशी झाली. मामा म्हणाले, ‘‘फाट्यावर थांबले असतील.’’ आणि फाटा कसा असतो याचं वर्णन त्यांनी सुरू केलं. कोणीतरी उभं असतंच, म्हणाले. दार उघडून, एक पाय बाहेर टाकून, सीताफळ खात. आपल्याला पाहिलं की बिया थुंकतो, हात करतो आणि वळतो.

फाटा आला. कोणीही नव्हतं.

डावीकडे चाकांच्या खुणा, उजवीकडे चाकांच्या खुणा. मामा खाली उतरले. दोन्हीकडे बघून आले. पुन्हा बघून आले. शाळेत हजेरी घ्यायला गेलेल्या मास्तरला अख्खा वर्ग गायब दिसावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

‘‘डावीकडे जाऊ,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे उजवीकडच्यांची शेपटी तुटली.’’

‘‘मग उजवीकडे.’’

‘‘म्हणजे डावीकडच्यांची.’’

‘‘मामा, कुठंतरी तर जायला हवं ना?’’

‘‘मधून,’’ मामा म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. ‘‘दोन्ही रस्ते तलावापलीकडे भेटतात. मधून गेलं की आपण दोघांच्याही मागे.’’

‘‘मध्ये तलाव आहे!’’

‘‘यंदा पाऊस कमी झालाय, तलाव आकसलाय. नकाशात ही कोरडी जमीन आहे.’’

‘‘कोणत्या नकाशात, मामा?’’

जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्यांनी लो गिअर टाकला. वरून जमीन खरंच वाळलेली होती, भेगाळलेली, टणक. गुरांची पावलंही दिसत होती. मग वरचा पापुद्रा फुटला आणि खाली लोण्यासारखी काळी माती लागली. जीप म्हातारी, तिनं फार तक्रार केली नाही. म्हैस पाण्यात बसते तशी सावकाश, एक सुस्कारा टाकून बसली. मामांनी चारही चाकं फिरवून पाहिली. ती अजून खाली गेली. मामांनी इंजिन बंद केलं.

मी वायरलेस उचलला. आधी वकिलांचा चॅनेल.

‘‘शेपटी बोलतेय. आम्ही रुतलोय.’’

खरखर झाली आणि आवाज आला, ‘‘कौन? मामा की भांजी? अरे, मामा तो डॉक्टर के पीछे हैं ना! उनकू बोलो, हौ?’’

मग डॉक्टरांचा चॅनेल.

‘‘अय्यो, रुतले? परवालेदु, काळजी करू नका. वकीलसाहेब तुमच्या पुढेच असतील. बोलवा त्यांना.’’

दोघंही अत्यंत प्रेमानं बोलले. दोघांनाही खात्री होती की आम्ही दुसऱ्याच्या आरशात आहोत. आणि आम्ही तलावाच्या मधोमध, कोणाच्याच आरशात नव्हतो.

माझं डोकं सणकलं. लहानपणापासून ज्यावर वाढले ते सगळं घशाशी आलं. मी बटण दाबलं, श्वास घेतला आणि म्हटलं, ‘‘बंधू-भगिनींनो...’’

मामांनी वायरलेस हातातून काढून घेतला आणि बंद केला.

‘‘भाषण नको.’’

‘‘पण त्यांना कळायला नको?’’

‘‘ओरडून बोलावलं तर येतील. कोणीही येतं. न ओरडता येतायत का, तेवढंच बघायचंय मला.’’ मग जीपच्या दारावर हात ठेवून म्हणाले, ‘‘नाही आले, तर काचीगुड्याचा माणूस येतोच आहे. गावकऱ्यांच्या बैलांनी ओढून काढू, धुऊन देऊन टाकू.’’

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी भाषणाचा नाद सोडला. मी एक व्यावहारिक सूचना केली. पत्रकांचा गठ्ठा उचलून म्हटलं, ‘‘हे चाकांखाली घालू का? पकड येईल.’’

मामांनी गठ्ठ्याकडे बघितलं. ‘‘नको. कागद घसरतो,’’ म्हणाले.

मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मामीचा डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. मामीनं छावणीला पुरतील इतके धपाटे दिले होते. जीप जाणार या आनंदात तिचा हात सैल सुटला असावा. जीपच्या बॉनेटवर बसून आम्ही खाल्लं. दोन म्हशी येऊन आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आमच्यापेक्षा त्या चिखलात जास्त ऐटीत होत्या.

‘‘पहिल्या वाटणीच्या वेळी वडिलांना सगळे म्हणाले होते, मराठी आहात, तिकडे चला,’’ मामा धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले.

‘‘मग आजोबा का नाही गेले?’’

‘‘त्यांना विचारलं की म्हणायचे, कचेरीतून सगळ्यात शेवटी मीच निघतो. मी गेलो तर कुलूप कोण लावणार?’’

‘‘हे काय कारण झालं?’’

‘‘मलाही लहानपणी तसंच वाटायचं.’’

बराच वेळ आम्ही बसलो. ऊन कलायला लागलं. मामा मधूनमधून जीपच्या बाजूच्या आरशात बघत. मी म्हटलं, मामा, आपण शेवटचे. आपल्या आरशात कोण येणार? ते म्हणाले, सवय.

आणि मग कट्ट्यावर धूळ उठली. पाठोपाठ सीताफळांच्या रानातूनही. डावीकडून वकील, उजवीकडून डॉक्टर, दोघं तलावाच्या दोन काठांना येऊन थांबले. मध्ये आम्ही. दोघांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. बहुधा तिथंच त्यांना कळलं असावं.

‘‘मामा!’’ वकील काठावरून ओरडले. ‘‘तुम डॉक्टर के पीछे नै थे?’’

‘‘एमिटंडी मामगारू इदि?’’ डॉक्टर पलीकडून. ‘‘हे काय झालं? तुम्ही वकिलांच्या मागे नव्हता?’’

‘‘मी दोघांच्या मागे होतो,’’ मामा बॉनेटवरून म्हणाले. ‘‘तुम्ही दोघं कोणाच्या पुढे होता?’’

प्रश्न शाळेतल्या आवाजात होता. दोन मोठी माणसं खाली माना घालून आपापल्या गाडीतून दोर काढायला लागली.

आता तुम्हाला वाटेल, दोन गाड्या आल्या, जीप निघाली. तसं झालं नाही. वकिलांनी गुडघाभर चिखलातून येऊन जीपच्या पुढच्या हुकाला दोर लावला. डॉक्टरांनी तेवढ्याच चिखलातून येऊन मागच्या हुकाला लावला. दोघं आपापल्या काठावर परत गेले, दोघांनी गाड्या सुरू केल्या आणि दोघांनी एकदम ओढलं. जीप जागची हलली नाही. नुसती थरथरत राहिली, दोन भावांनी दोन टोकांनी धरलेल्या धोतरासारखी. आत स्टिअरिंग धरून बसलेले मामा ओरडले, ‘‘अहो, माझी वाटणी करताय काय!’’

मी बॉनेटवरून उतरून चिखलात उभी होते. त्या दिवशी मला एकदाच मोठ्यानं बोलायची संधी मिळाली आणि मी ती वाया घालवली नाही. ‘‘थांबाऽऽ!’’ म्हशीसुद्धा थांबल्या.

मग शहाणपण सुचलं. दोन्ही गाड्या एकाच काठावर, एकामागे एक, एकमेकींना बांधून, आणि दुसरीचा दोर जीपला. आता पुढे कोणाची? दोघांची तोंडं पुन्हा उघडली, पण मामांनी बोलू दिलं नाही.

‘‘पुढे कोणीही राहा. पुढच्यानं आरशात मागच्याला बघायचं, मागच्यानं आरशात मला. मी हात केला की ओढायचं. नियम तोच आहे.’’

वकील म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम आगे होजाव. हम देखते तुमकू.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘नको नको, तुम्ही पुढे.’’

आता यावर भांडण सुरू झालं. पण ते लवकर मिटलं. डॉक्टर पुढे झाले. मामांनी हात केला, दोर ताणले, आणि बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करून जीप बाहेर आली. चिखल इतका उडाला की मला डॉक्टर कोणते आणि वकील कोणते, ते बोलल्याशिवाय ओळखू येईना.

छावणी एकाच काठाला पडली. शेगडीवर पातेलं चढलं. ही साधी गोष्ट पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर वकिलांकडचं मटण तीन दगडांवर अर्धंकच्चं राहिलं होतं आणि डॉक्टरांच्या मंडळींनी शेगडीवर फक्त चहा केला होता, पुन्हा पुन्हा. भात झाला, मामीचे धपाटे संपले. कांदा-लिंबू ठेवायला काही सापडेना म्हणून माझी पत्रकं कामी आली. वकिलांना देवनागरी येते. कांद्याखालचा मथळा त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचला.

‘‘चिखल बोले तो कीचड़?’’

‘‘हो.’’

त्यांनी गुडघ्यापर्यंत भरलेल्या आपल्या पँटीकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या पँटीकडे. ‘‘बात तो सही है, बेटा,’’ म्हणाले, आणि लिंबू पिळलं.

माझ्या पत्रकाला मिळालेली ती पहिली प्रतिक्रिया. मुद्दा मी आजही सोडलेला नाही. पेट्रोल जाळून चिखलात खेळणं मला पटत नाही. पण दुसरी आवृत्ती अजून काढलेली नाही.

परत येताना मी मामांना विचारलं, ‘‘त्यांना नक्की कोण आठवलं? तुम्ही, की तांदूळ?’’

ह्या प्रश्नाचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. वकील छातीवर हात ठेवून सांगतात, आरसा रिकामा बघून जीव खाली-वर झाला. डॉक्टरही तेच सांगतात, जरा मऊ आवाजात. मामी म्हणते, भूक लागली होती मेल्यांना. मामा तेव्हा गिअर बदलत एवढंच म्हणाले, ‘‘पोतं शेपटीत उगाच ठेवतो होय मी?’’

सोमवारी काचीगुड्याचा माणूस आला. मामीनं त्याला चहा दिला, पोहे दिले. मामांनी जीप दाखवली, इंजिन ऐकवलं, आणि मग विकायची नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा पोहे छान झालेत म्हणून निघून गेला.

आणि क्लब? क्लबाचे दोन झालेच. मी खोटं सांगणार नाही. पुढच्याच रविवारी आबिड्सच्या हॉटेलात दोन नावं ठरली, दोन टोप्या ठरल्या. एका दुपारच्या चिखलानं राज्यं जोडली जात नाहीत. फक्त शेपटीची वाटणी करायला दोघांनीही नकार दिला. म्हणून दोन्ही क्लब वेगवेगळ्या रविवारी निघतात, आणि दोन्हींच्या मागे मामांची जीप असते. तांदूळही तिच्यातच. मामीचा संताप अजून ओसरलेला नाही. ‘‘एक क्लब होता तेव्हा महिन्यातून एकदाच बॉनेटवरचे पापड काढावे लागत होते,’’ ती म्हणते. ‘‘आता दोनदा!’’

माझ्या वडिलांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी वाचणाऱ्याकडे एक मागणं असायचं. त्याशिवाय ते छापायला देत नसत. माझंही एक आहे. पुढच्या वेळी तुम्ही चारचौघांबरोबर कुठंही निघाल, जीपमधून, स्कूटरवरून, पायी, आणि फाटा लागेल, तेव्हा तुमचा रस्ता कितीही बरोबर असला तरी तिथं थांबा. एक पाय बाहेर टाका. सीताफळांचे दिवस असतील तर एखादं खा. मागचा दिसू द्या, त्यालाही तुम्ही दिसू द्या, मग वळा. आणि मागे बघण्याइतका आपला स्वभाव चांगला आहे याची खात्री नसेल, तर निघण्यापूर्वी तांदळाचं पोतं त्याच्या गाडीत ठेवा.